बँडेजच्या मापाची केबल

“क्रॉस पाह्यजे का स्ट्रेट?”

काउंटरमागच्या धर्मराजने हे इतक्या सहज विचारलं, की शरयूला वाटलं, जालन्यात शेंबड्या पोरालाही याचं उत्तर येत असणार. सकाळच्या पॅसेंजरने ती परतूरहून निघाली होती. स्टेशनवरून रिक्षा करून या दुकानाची पायरी चढेपर्यंत तिची समजूत अशी होती, की केबल मागितली की केबल मिळते.

“मला घरातल्या घरात टाकायचीये,” ती म्हणाली.

“हो, पण कशाला काय जोडायचंय?”

“टेलिफोनवाले पुढच्या खोलीत ते इंटरनेटचं डबडं बसवून गेलेत. कॉम्प्युटर मागच्या खोलीत आहे. तिथपर्यंत न्यायची.”

“म्हंजे मॉडेम ते कॉम्प्युटर. मंग स्ट्रेट लागंल.”

“पण आमच्या देवळाचे अण्णासाहेब म्हणाले, क्रॉसच घ्या. त्यांच्या पुतण्याच्या ऑफिसात क्रॉस आहे.”

“त्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर एकमेकाला जोडले असतील, मावशी. तुमच्याकडं किती हायेत?”

“एकच. तोही भाचीने घेऊन दिलेला.”

“मंग कशाला क्रॉस.”

परतूरमध्ये तिला कुणी मावशी म्हणत नसे. सरकारी दवाखान्यात सारी नोकरी झाली, रिटायर झाली, तरी गावाला ती सिस्टरच होती. इथे मावशी ऐकून तिला एकदम आपण फार म्हाताऱ्या झाल्यासारखं वाटलं.

“कॅट फाईव्ह देऊ का फाईव्ह-ई?”

“ई म्हणाली भाची. ई म्हणजे काय?”

“चांगली.”

“मग नुसती फाईव्ह वाईट?”

“वाईट न्हाई. पण चांगलीबी न्हाई.” धर्मराजने मागचा डबा ओढला. “आतली तार गच्च पाह्यजे का बारीक बारीक तारांची? भिंतीला ठोकायची असंल तर गच्च घ्या. सारखी गुंडाळायची-सोडायची असंल तर बारीक.”

शरयूने चष्मा पुसला. नाकातून पोटात जायची नळी, लघवीची नळी, सलाईनचा सेट, सगळ्यांचे नंबर तिला झोपेत विचारले तरी आले असते. नळी बघून ती कधी भांबावली नव्हती. इथे मात्र प्रत्येक प्रश्नाला दोन वाटा फुटत होत्या, आणि दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

धर्मराजने केबलचं एक टोक सोलून दाखवलं. आत रंगीत तारा होत्या, दोन-दोन एकमेकींना पीळ घालून बसलेल्या.

“एवढ्या?”

“आठ असत्यात.”

“आठही लागतात?”

“तुमच्या कामाला चारच.”

“मग बाकीच्या कशाला घातल्या?”

“मावशी, ते कंपनीला विचारावं लागंल.” तो हसला. “लांबी सांगा.”

इथे मात्र ती ताठ झाली. पर्समधून तिने क्रेप बँडेजची गुंडाळी काढली. घरात टेप नव्हती, बँडेज मात्र ढीगभर. पुढच्या खोलीतल्या टेलिफोनपासून बोळातून अंगणात, अंगणाच्या तीन बाजू फिरून मागच्या खोलीत, असं तिने एकटीने जमिनीवर बसून बसून मोजलं होतं. एक बँडेज संपलं की सेफ्टी पिनने दुसरं जोडलं होतं.

“तीन बाजू फिरून कशाला? भिंतीतून सरळ भोक पाडलं तर निम्म्यात भागंल.”

“मधे देवघर आहे.”

धर्मराजने मान डोलावली. देवघराच्या भिंतीला खिळासुद्धा मारत नाहीत हे त्याच्याही घरात तसंच असणार. त्याने काउंटरवर बँडेज पसरलं, त्याच्या कडेने केबल सोडत गेला.

“थोडी जादा घेऊन ठेवा. दारावरून चढवावी लागती, वाकवावी लागती.”

“नको. मी स्वतः मोजलंय,” शरयू म्हणाली.

त्याने केबल तोडली, दोन्ही टोकांना काचेसारखी पारदर्शक बोंडं बसवली, चिमट्याने दाबली. वर आपल्या दुकानाचं कार्ड ठेवलं. निळ्या केबलचं वेटोळं पिशवीत घालताना शरयूला परीक्षा देऊन बाहेर पडल्यासारखं वाटलं, सुटका झाल्यासारखं, पण पास की नापास ते न कळलेलं.

घरी पोचली तेव्हा अण्णासाहेब पुढच्या खोलीत येऊन बसलेले होते. शेजारणीने दार उघडून दिलं होतं. पेठेतल्या राममंदिराचे ते विश्वस्त. चैत्रातल्या नवरात्रात तिथे रोज कीर्तन असतं. इतर दिवशी बाहेरगावचे बुवा येतात, पण नवमीला भर दुपारचं रामजन्माचं कीर्तन याच घराचं. आधी शरयूच्या वडिलांनी केलं, मग तिच्या थोरल्या भावाने, जगन्नाथबुवांनी.

ज्यांनी बुवांना ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पूर्वरंगात हा माणूस अगदी रुक्ष वाटायचा. एक पद घ्यायचा आणि त्याचं शास्त्र उलगडत बसायचा, आवाजसुद्धा चढवायचा नाही. नवखे श्रोते चुळबुळ करायचे. पण उत्तररंगाला बुवांनी चिपळ्या उचलल्या, पेटीने सूर धरला, की त्याच रुक्ष माणसाच्या गळ्यातून असं काही यायचं, की पाळण्याची दोरी धरायला उभ्या राहिलेल्या बायका दोरी धरायची विसरायच्या. देव आहे की नाही यावर पारावर वाद घालणारेसुद्धा त्या दुपारी मंडपात मांडी घालून बसायचे, आणि उठताना डोळे पुसायचे.

गेल्या श्रावणात बुवांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. पायात हळूहळू थोडी धुगधुगी आली, काठीवर चार पावलं टाकू लागले. वाचा आली नाही. ‘ते ते’ एवढाच आवाज निघे.

“मिळाली का वायर?” अण्णासाहेबांनी विचारलं.

“मिळाली. स्ट्रेट.”

“मी क्रॉस म्हणलो होतो.”

“तो म्हणाला आपल्याला स्ट्रेट.”

“असंल. दुकानदार आपल्याकडं असंल तेच सांगतो.” अण्णासाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “सिस्टर, मी वायरीसाठी न्हाई आलो. सोमवारी पत्रिका छापायला टाकायची आहे. नवमीचं नाव अजून मोकळं आहे. बीडच्या एका बुवांना विचारून ठेवलंय, ते थांबून राह्यलेत.”

“रविवारपर्यंत थांबतो म्हणाला होतात तुम्ही.”

“थांबतो. पण खरं सांगू का, थांबून काय होणार? मी त्या दिवशी आत जाऊन स्वतः बुवांना विचारलं. म्हणलं, बुवा, तुमची लेक प्रेमला म्हणते मी नवमीचं कीर्तन करते, करू द्यायचं का? त्यांनी मान हलवली. न्हाई म्हणाले. माझ्या डोळ्यांनी पाह्यलं.”

“अण्णासाहेब, त्यांचं हो-नाही उलटसुलट झालंय. सकाळी चहा घेतोस का विचारलं तर मान अशी आडवी हलवतात, आणि कप पुढे केला की घेतात.”

“म्हंजे न्हाई म्हणले की हो धरायचं.”

“तसंही नाही. काल आंघोळीला आडवी हलवली आणि खरंच केली नाही.”

अण्णासाहेब पुढे सरकून बसले. “मंग सिस्टर, कधी उलटं धरायचं आणि कधी सुलटं, हे तुम्ही ठरवणार का? उद्या गाव मला विचारंल. बुवांनी जल्मात त्या गादीवर घरच्या बाईला उभं केलं न्हाई, आणि त्यांची वाचा गेल्यावर तुम्ही केलं, असं म्हणतील. मला त्यांच्यावर लोटायचं न्हाई काही. मला ते म्हणले पाह्यजेत.”

रात्रंदिवस हाच प्रश्न शरयू स्वतःला विचारत होती. नेहमीच उलटं असतं तर किती सोपं झालं असतं. दवाखान्यात तिने असे पेशंट पाहिले होते, डॉक्टर समजावून सांगायचे, आत शब्द शाबूत असतो पण दारापर्यंत येताना वाट चुकतो. तेव्हा ती नातेवाइकांना धीर द्यायची. आता स्वतःच नातेवाईक झाली होती, आणि धीर द्यायला सिस्टर कुणी नव्हती.

प्रेमला ही बुवांची एकुलती मुलगी. आई लवकर गेली, आत्याने वाढवली. लहानपणापासून बापाच्या मागे झांज घेऊन बसायची, सगळी आख्यानं तिला पाठ. कॉलेजात असताना एकदा म्हणाली होती, बाबा, मी उभी राहू का कीर्तनाला? बुवा म्हणाले होते, बघू. त्यावर कधी बोलणं झालं नाही. लग्न होऊन ती सिंगापूरला गेली, तिथल्या मराठी मंडळात कीर्तनं करू लागली, तेही बापाला तिने बिचकत बिचकतच सांगितलं होतं. आता तिचं म्हणणं, नवमीला मी येते आणि करते. पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय त्या गादीवर पाय ठेवणार नाही.

शरयू फोनवर तिला म्हणाली होती, अगं, मी विचारून सांगते. तर ती म्हणाली, “आत्या, तू सांगशील ते तुझं असेल. फोनवर मान हलवलेली ऐकू येत नाही गं. मला त्यांना बघू दे. मी बघितलं की मला कळेल.”

म्हणून कॉम्प्युटर, म्हणून त्यावरचा तो छोटा कॅमेरा, म्हणून इंटरनेट, म्हणून ही केबल.

“कॉम्प्युटरच पुढच्या खोलीत आणा की,” हे आतापर्यंत पेठेतल्या दहाजणांनी सुचवलं होतं. त्यांना काय माहीत. झटक्यानंतर पहिल्या महिन्यात बुवांना पुढच्या खोलीतच खुर्चीवर बसवत. दारातून पेठ दिसते, जाणारा-येणारा पायरी चढतो, बुवांना बरं वाटेल, असं शरयूलाच वाटलं होतं. एक दिवस एक जुना श्रोता आला, पाया पडला, आणि भाबडेपणाने म्हणाला, बुवा, दुसरं काही नको, नुसतं राम म्हणून बघा. बुवांनी तोंड उघडलं. ते ते, ते ते. दारात उभी असलेली माणसं खाली बघू लागली. त्या दिवशी बुवा मागच्या खोलीत गेले ते परत पुढे आले नाहीत. शरयूने एकदोनदा हात धरला, तर त्यांनी खाटेची कड घट्ट धरून ठेवली. त्यात हो-नाहीचा घोटाळा नव्हता.

रविवारी सर्जेराव शिडी, हातोडी आणि खिळ्यांची पुडी घेऊन आला. मंडप आणि माईकचा त्याचा धंदा. राममंदिरातल्या प्रत्येक कीर्तनाच्या वायरी त्याच्याच हातच्या. दुपारी लाईट जायच्या आत प्रेमलाचा कॉल व्हायचा होता, आणि अण्णासाहेबांनाही तेव्हाच बोलावलं होतं.

“सिस्टर, तुमी बसा बरं निवांत. वायर म्हंजी वायर. बुवांच्या आवाजाला मी कदी खरखर येऊ दिली का? मंग ह्याला काय येतंय.”

त्याने बोळातून केबल काढली, दाराच्या चौकटीवरून चढवली, अंगणाची एक बाजू सुबक ठोकली, दुसरी ठोकली, आणि दुसऱ्या कोपऱ्यावर शिडीवरच थांबला.

“सिस्टर, संपली.”

“काय संपली?”

“वायर. हितंच संपली. अजून एक अख्खी बाजू राह्यली.”

“असं कसं होईल? मी मोजलं होतं.”

“कशानं?”

शरयूने आतून बँडेज आणून दाखवलं. सर्जेराव खाली उतरला. त्याने बँडेजचं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं वर ओढलं. ते लांबत गेलं, लांबत गेलं, त्याने सोडलं तसं आखडून त्याच्या पायाशी गोळा झालं.

“ह्ये तर रबर हाय,” तो म्हणाला.

ती तुळशीच्या कट्ट्यावर टेकली. मुरगळलेल्या पायांना, सुजलेल्या गुडघ्यांना जन्मभर हेच बँडेज ताणून बांधलं. ताणतं म्हणूनच बांधतात. मोजताना तिने सवयीने तसंच ताणून धरलं असणार, आणि दुकानात ते आरामात पसरून पडलं. एवढं साधं कसं लक्षात आलं नाही, याचं तिला रडू येण्याऐवजी नवल वाटत राहिलं.

“त्यात काय एवढं,” सर्जेराव म्हणाला, “गोधडीला ठिगळ आन् वायरीला जोड लागतोच.”

तो मोटारसायकलवर गेला आणि इंटरनेट कॅफेवाल्याकडून तसल्याच केबलचा एक जुना तुकडा घेऊन आला. एका टोकाला बोंड होतंच. त्याने अंगणातल्या केबलचं बोंड छाटलं, दोन्ही उघडी टोकं दाताने सोलली, तारा सुट्या करून तळहातावर पसरल्या.

“ह्ये बघा. ह्यो निळा, ह्यो हिरवा, नारंगी, चॉकलेटी. आन् ह्ये चार पांढरे. पांढरे म्हंजी अर्थिंग. माईकच्या वायरीला वरून जाळी नसती का, तसं. रंगाला रंग जोडायचा, पांढरे सगळे एका जागी पिळायचे. खलास.”

शरयूने चष्मा सावरून जवळून पाहिलं. “पांढऱ्यांवर बारीक रेघा दिसतात रे. प्रत्येकावर वेगळी.”

“त्या कंपनीच्या खुणा असत्यात, सिस्टर. जल्मभर हेच करून राह्यलो मी.”

चारी पांढऱ्यांची त्याने एक जाडजूड वेणी घातली, वर काळी टेप इतकी निगुतीने गुंडाळली की शरयूलासुद्धा ते एखादं चांगलं ड्रेसिंग वाटलं. केबल मागच्या खोलीत आली. बुवा खाटेवर उशीला टेकून सगळं बघत होते. सर्जेरावने बोंड कॉम्प्युटरमध्ये खुपसलं, टक् असा आवाज आला.

“झालं बघा.”

काही झालं नाही. प्रेमलाने शिकवलं होतं, तिथे एक हिरवी लाईट लागली पाहिजे. लाईट लागली नाही. शरयूने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सर्जेरावने बोंड काढून फुंकर मारली, परत घातलं. पुढे जाऊन मॉडेम बंद केलं, चालू केलं. मग शरयूला वाटलं, क्रॉसच घ्यायला हवी होती का. मग वाटलं, ई नको होती का. तिला आता कशाचाच भरवसा वाटेना.

शेवटी तिने कार्डावरचा मोबाईल नंबर लावला.

“मधे जोड दिला का, मावशी?” धर्मराजने विचारलं.

“हो.”

“कसा दिला?”

तिने सांगितलं. पलीकडे तो हसायला लागला आणि मग, बहुतेक तिचा श्वास ऐकून, थांबला.

“मावशी, प्रत्येक पांढरा आपल्या आपल्या रंगाच्या जोडीचा असतो. ते सगळे एकत्र केले म्हंजे चार जोडप्यांचा एकच संसार मांडल्यागत झालं. काही कळणार न्हाई त्याला कुणाचं कुणाला. आणि हातानं पिळलेल्या जोडाचा काही भरवसा नसतो. नवीन अखंड घ्यावी लागंल.”

“आज?”

“आज मी घनसावंगीला सासुरवाडीत आहे. उद्या येतो दुकानात.”

उद्या सोमवार. शरयूने फोन ठेवला आणि तो काय म्हणाला ते सांगितलं. सर्जेराव टेप गुंडाळलेल्या जोडाकडे बघत उभा राहिला.

“सिस्टर, मला वाटलं माईकसारखं असंल,” तो हळू म्हणाला. “कॅफेवाला तर लग्नाला गेला. आता कुणाला गाठू?”

शरयूने कार्ड परत पर्समध्ये ठेवलं. पत्रिकेत बीडच्या बुवांचं नाव जाईल. प्रेमला तिकीट काढणार नाही. आणि दादाच्या मनात काय होतं, ते कुणाला कधीच कळणार नाही. तिला तर आता असंही वाटू लागलं, की कदाचित ते ‘नाही’च असेल आणि आपणच केबल ओढत बसलोय.

खाटेची पट्टी करकरली. बुवा उठून बसले होते. डाव्या हाताने त्यांनी काठी ओढून घेतली होती आणि पाय खाली सोडून ते चप्पल शोधत होते.

“बाथरूमला जायचंय का, दादा?”

बुवांनी मान आडवी हलवली. मग उभी हलवली. मग तिच्या खांद्यावर हात टाकून उठले आणि बाथरूमच्या नाही, देवघराच्या दाराकडे वळले. देवघराला दोन दारं आहेत, एक मागच्या खोलीत आणि एक पुढच्या. तिथून वायर न्यायची कुणाला छाती झाली नव्हती. माणसाला काय मनाई. बुवा उंबऱ्यापाशी थबकले, देवाकडे बघून मान लववली, आणि पुढचं दार काठीने ढकललं.

शरयूने मान वळवून म्हटलं, “सर्जेराव, कॉम्प्युटर उचल. पुढे आण.”

पुढच्या खोलीचं पेठेकडचं दार सताड उघडं होतं. बुवांना खुर्चीत बसवून ती दार लोटायला धावली, तर मागून काठी आपटली. तिने दार अर्धं लोटलं. परत काठी आपटली. तिला उमजेना, पूर्ण लोटू की उघडू. तिने उघडलं. काठी थांबली.

समोरून भाजीची पाटी घेऊन सगुणाबाई चालली होती. ती थांबली, पाटी सावरली.

“बुवा, बरं हाय ना? लई दिसानं दिसले.” आणि उत्तराची वाट न बघता शरयूला म्हणाली, “मेथीची जुडी ठिवते पायरीवर. मागून पैसे द्या.” आणि गेली.

अण्णासाहेब आले. बुवांना खुर्चीत पाहून त्यांनी टोपी काढली आणि बाजूच्या स्टुलावर बसले. सर्जेरावने मॉडेमबरोबर आलेली वीतभर पिवळी वायर लावली. हिरवी लाईट लगेच लागली.

प्रेमला दिसली ती आधी चौकोन-चौकोनांतून. मग चौकोन जुळत गेले आणि चेहरा झाला. बुवांच्या तोंडाची वाकडी बाजू कॅमेऱ्याकडे होती. त्यांनी ती लपवली नाही.

“बाबा,” ती म्हणाली. मग कीर्तनाला उभं राहताना घसा साफ करतात तसा घसा साफ करून म्हणाली, “बाबा, नवमीला मी उभी राहू का? तुमच्या जागी?”

बुवांनी मान हलवली. आडवी. मग थांबून उभी. मग पुन्हा आडवी, चिडून, जणू मानच आपलं ऐकत नाही असं.

“आता हे काय धरायचं?” अण्णासाहेब पुटपुटले.

बुवांनी डावा हात देवघराकडे केला. ते ते, ते ते.

शरयू आत पळाली. काय आणायचं? तिच्या डोळ्यांसमोर आधी चिपळ्या आल्या. तिने त्या आणून त्यांच्या हातात दिल्या. बुवांनी त्या बाजूला लोटल्या. टेबलावरून एक चिपळी खाली पडली. तिने पाणी आणलं. चष्मा आणला. उपरणं आणलं. प्रत्येक वस्तूला हात तसाच बाजूला झाला.

“राहू द्या, सिस्टर,” अण्णासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, उलट ते थकल्यासारखे वाटले. “चिपळ्या लोटल्या त्यांनी. अजून काय सांगायचं राह्यलं?”

पडद्यावर प्रेमलाने हे ऐकलं. “आत्या, राहू दे,” ती म्हणाली. “त्यांना त्रास नको देऊस. मला कळलं.”

तेव्हा बुवांनी शरयूचं मनगट पकडलं. तिचा हात ओढून आपल्या कपाळावर नेला आणि तिचा अंगठा दोन भुवयांच्या मधे घासला.

“डोकं दुखतंय का?” तिने सवयीने दुसऱ्या हाताने त्यांचा ताप पाहिला. कपाळ थंड होतं. बुवा तिचा अंगठा तिथेच घासत राहिले, जोरात. ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली, आणि मग देवघरात गेली, समईशेजारची छोटी पितळी डबी घेऊन आली.

पूर्वरंग संपला की गादीवरच्या माणसाला बुक्का लावतात आणि मग तो आख्यानाला उभा राहतो. वडिलांनंतर या घरात तो बुक्का बुवांच्या कपाळाला लागत आला होता. बुवांनी डबीत बोट बुडवलं. पुढे झुकले, तोल जाऊ नये म्हणून सर्जेरावने मागून खांदे धरले, आणि त्यांनी ते बोट काचेवर प्रेमलाच्या दोन भुवयांच्या मधे टेकवलं.

“आत्या, काय झालं?” काचेमागून तिचा आवाज आला. “मला काही दिसत नाही. बाबांचा हातच समोर आलाय. सगळं अंधारलंय.”

अण्णासाहेब स्टुलावरून उभे राहिले होते.

“बुक्का लावतायत,” शरयू म्हणाली. “तुला.”

बुवांनी हात काढला. प्रेमला तिथे बसली होती, कपाळावर काळा ठिपका असलेली, आणि तिला तो दिसत नव्हता. तिचे ओठ हलले, पण आवाज पोचला नाही. मग तिचा उजवा हात हळूहळू कपाळाकडे निघाला, आणि निम्म्या वाटेवर चित्र थांबलं.

“बंद पडलं काय?” सर्जेरावने विचारलं.

शरयूला माहीत होतं, अशा वेळी मॉडेम बंद करून परत चालू करायचं असतं. तिने केलं नाही. अण्णासाहेबांनी वाकून खाली पडलेली चिपळी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि तिच्या जोडीला नेऊन ठेवली.

बुवा खुर्चीत मागे सरकले. निर्जीव उजवा हात त्यांनी उचलून मांडीवर ठेवला, त्यावर डावा हात ठेवला, आणि कीर्तनाला लवकर येऊन पुढची जागा मिळालेल्या श्रोत्यासारखे त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसून राहिले.